पहिला ब्राउझर कोणता: वर्ल्डवाइडवेब की मोझेक?

सोलापुरातल्या एखाद्या अभ्यासिकेत जा आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना विचारा, जगातला पहिला वेब ब्राउझर कोणता? बरीच जणं बेधडक 'मोझेक' म्हणतात, कारण काही गाईडांत तसंच छापलेलं असतं. काही जण 'वर्ल्डवाइडवेब' म्हणतात आणि लगेच अडखळतात, की हे तर वेबचंच नाव ना? मी या मुलांना संगणकाचा भाग शिकवतो. एका गुणाच्या प्रश्नासाठी एवढं खोलात कशाला, असं मला वाटत नाही. या दोघांतला फरक नीट कळला, तर आपण वेबवर इतकी वर्षं नुसते वाचक का राहिलो, याचं निम्मं उत्तर मिळतं.

आधी क्रम. टिम बर्नर्स-ली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत होते. वेबचा प्रस्ताव त्यांनी मार्च १९८९ मध्ये मांडला आणि १९९० च्या अखेरीस ब्राउझर लिहिला. त्याचं नाव वर्ल्डवाइडवेब, मध्ये जागा न सोडता. गोंधळ टाळायला पुढे तेच नाव बदलून 'नेक्सस' केलं. मोझेक आला १९९३ मध्ये, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रातून. मार्क अँड्रिसन हा तिथे काम करणारा विद्यार्थी आणि एरिक बिना हा प्रोग्रामर, या दोघांनी तो लिहिला. म्हणजे पहिला कोण हा वादच उरत नाही.

'मग मोझेक निदान पहिला ग्राफिकल ब्राउझर तरी?' हा पुढचा हमखास प्रश्न. तेही नाही. वर्ल्डवाइडवेबमध्ये खिडक्या होत्या, मेनू होते, माउस चालत होता. शिवाय १९९२ मध्येच हेलसिंकीच्या विद्यार्थ्यांचा 'अर्वाइज' आणि बर्कलीच्या पेई-युआन वेई यांचा 'व्हायोला' आला होता. मोझेकचं वेगळेपण चित्रांच्या जागेत आहे. वर्ल्डवाइडवेबमध्ये चित्र उघडलं की ते वेगळ्या खिडकीत दिसायचं. मोझेकने ते मजकुराच्या पोटातच बसवलं. त्यासाठीची 'आयएमजी' ही खूण अँड्रिसनने १९९३ च्या फेब्रुवारीत सुचवली आणि पानात चित्र टाकायला आजही तीच वापरतात.

मग नाव मोझेकचं का झालं? कारण यंत्र. वर्ल्डवाइडवेब फक्त नेक्स्ट संगणकावर चालायचा. स्टीव्ह जॉब्ज यांच्या कंपनीचं हे यंत्र देखणं होतं, पण महाग आणि विरळा. बाकीच्या यंत्रांसाठी सर्नमध्ये निकोला पेलो या गणिताच्या विद्यार्थिनीने साधा ब्राउझर लिहिला. त्यात माउस नाही, चित्र नाही. दुव्याचा (लिंकचा) आकडा टाइप करायचा आणि पुढे जायचं. याउलट मोझेक आधी युनिक्स प्रणालीच्या यंत्रांवर आला आणि त्याच वर्षी विंडोज व मॅकिंटॉशवरही. बसवायला सोपा, घरगुती वापराला फुकट. त्याच सुमारास, ३० एप्रिल १९९३ रोजी, सर्नने वेबचं सॉफ्टवेअर सर्वांना खुलं केलं. वाट मोकळी होती आणि मोझेक धावत सुटला.

पण ज्या फरकाबद्दल गाईडं अवाक्षर काढत नाहीत, तो मला सगळ्यांत मोठा वाटतो. वर्ल्डवाइडवेब वाचायचाही होता आणि लिहायचाही. समोरच्या पानावर कर्सर ठेवायचा, मजकूर बदलायचा, शब्द निवडून दुवा जोडायचा, आणि फाइलवर लिहायचा अधिकार असेल तर ते जपून ठेवायचं. मोझेकने पान दाखवलं, तेही सुंदर दाखवलं, पण संपादन सोडून दिलं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या भाषेत सांगायचं, तर पहिल्याने घरात माग दिला आणि दुसऱ्याने चादरींचं दुकान उघडून दिलं. दुकानात गर्दी होणारच, तिला मी नावं ठेवत नाही. तरी हातातून माग गेला, याची हळहळ वाटते. लिहिणं सामान्य माणसाकडे परत यायला पुढे ब्लॉग आणि विकिपीडियाची वाट पाहावी लागली.

मोझेकची वंशावळ मात्र मोठी. अँड्रिसन आणि जिम क्लार्क यांनी १९९४ मध्ये कंपनी काढली आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिचा नेटस्केप नॅव्हिगेटर हा ब्राउझर आला. तो नव्याने लिहिला होता. मोझेकचा कोड स्पायग्लास कंपनीमार्फत परवान्याने पोचला मायक्रोसॉफ्टकडे आणि ऑगस्ट १९९५ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर बाहेर पडला. त्याच महिन्यात व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी दूरसंचार कंपनीने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्यामुळे आपल्याकडे बहुतेकांनी पहिला ब्राउझर पाहिला तो नेटस्केप किंवा एक्सप्लोरर, आणि जुन्या गोष्टी मोझेकपाशीच सुरू होतात असा समज रुजला.

वर्ल्डवाइडवेब स्वतः वापरून पाहता येतो. वेबला तीस वर्षं झाली तेव्हा, २०१९ मध्ये, सर्नने तो आजच्या ब्राउझरच्या आत चालेल असा पुन्हा उभा केला. संगणकावर उघडा, 'डॉक्युमेंट' मेनूतून एखादा पत्ता द्या. दुव्यावर एकदा क्लिक करून काही होत नाही, डबल क्लिक करावं लागतं. कारण एका क्लिकने तिथे कर्सर बसतो, लिहिण्यासाठी.