गाडीतला टायर कॉम्प्रेसर

गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालणारे आणि डिकीत सहज मावणारे हवा भरण्याचे यंत्र. डांबरी रस्ता सोडून गाडी रेतीत, मुरमावर किंवा दगडगोट्यांत घालायची तर टायरमधली हवा आधी उतरवावी लागते आणि रस्त्याला लागताना ती पुन्हा भरावी लागते. उतरवायला काडीसुद्धा पुरते. भरायला यंत्र लागते. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल अशा तालुक्याच्या गावी पंक्चरवाला हाकेच्या अंतरावर असतो. तिथून सातपुड्यात शिरले, धडगाव-मोलगीच्या अंगाला वळले, की ही सोय विरळ होत जाते. हवा कमी केलेल्या टायरवर तेवढे अंतर रस्त्याच्या वेगाने तोडणे म्हणजे टायर शिजवणे.

हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो. गाडीचे वजन जास्त जागेवर पसरते, म्हणून रेतीत चाक कमी रुतते. दगडावर टायर दबतो आणि पकड धरतो. रस्त्यावर बहुतेक जीपवजा गाड्यांना ३० ते ३५ पौंड (प्रति चौरस इंच) हवा लागते. खडकाळ गाडवाटेला २४-२६ पौंड ठीक. तापी किंवा गिरणेच्या कोरड्या पात्रातल्या भुसभुशीत रेतीत १५ ते १८ पर्यंत खाली यावे लागते. त्याखाली जाताना जपावे, कारण वळणावर ट्यूबलेस टायरची कड रिमवरून सुटू शकते आणि सुटलेली कड पुन्हा बसवणे छोट्या कॉम्प्रेसरच्या आवाक्यातले काम नाही. ट्यूबचा टायर असेल तर वेगळाच धोका: रिम आतल्या आत सरकते आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो. हवा उतरवलेल्या गाडीचा वेग ताशी ३०-४० किलोमीटरच्या वर नसावा. टायरची बाजू फुगून बाहेर येत असल्याने बाभळीचा काटा तिथे शिरण्याची भीतीही वाढते, आणि बाजूला झालेले पंक्चर नीट निघत नाही.

काळ्या मातीचा हिशोब निराळा. ती कोरडी असताना टणक असते, भेगा पडलेल्या असल्या तरी गाडी पेलते. पहिला दमदार पाऊस झाला की टायरच्या खाचा गाऱ्याने भरतात आणि चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरू लागते. अशा वेळी हवा कमी केल्याचा उपयोग अगदी थोडा. कापसाच्या किंवा केळीच्या शिवारात पावसानंतर गाडी फसली तर कॉम्प्रेसर नव्हे, शेजारचा ट्रॅक्टर कामाला येतो.

विकत घेताना खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा असतो १५० पौंडांचा, कधी त्याहून जास्त. गाडीला ३५ लागतात, तेव्हा तो आकडा निरुपयोगी. पाहायचे ते मिनिटाला किती लिटर हवा सुटते, आणि तेही नळी मोकळी असताना नव्हे, ३० पौंडांच्या दाबाविरुद्ध. दाब वाढला की पुरवठा घटतो, आणि स्वस्त यंत्रांत बराच घटतो. थारला येणाऱ्या २५५/६५ आर १८ मापाच्या टायरच्या पोटात सुमारे ६५ लिटर जागा असते. १८ वरून ३२ पौंडांवर जायला एका टायरला साधारण ६२ लिटर मोकळी हवा लागते, चारांना अडीचशे. दाबाखाली मिनिटाला ३० लिटर देणारे यंत्र हे काम आठ-नऊ मिनिटांत करते. १० लिटर देणाऱ्याला पंचवीस मिनिटे लागतात, तीही ते मध्ये बंद पडले नाही तर.

बंद पडण्याचा प्रश्न खानदेशात खरा आहे. छोट्या सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते तेव्हा ती तापते. सिलिंडरजवळच्या पितळी जोडाला काही मिनिटांनी बोट लावता येत नाही. म्हणून प्रत्येक यंत्राला सलग चालण्याची मर्यादा दिलेली असते. ३३ टक्के असे लिहिले असेल तर दहा मिनिटे चालवून वीस मिनिटे थांबायचे. हे आकडे बहुधा २२ ते २५ अंशांच्या हवेत काढलेले असतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि गाडीखालची जमीन त्याहून तापलेली असते. तेव्हा दिलेल्या वेळेच्या निम्म्यातच यंत्राचे उष्णतारक्षक बटण तापलेले यंत्र आपोआप बंद पाडू शकते. यासाठी इथल्या माणसाने गरजेपेक्षा एक पायरी मोठे यंत्र घेणे शहाणपणाचे. पैसे वाचवायचे असतील तर ते डिजिटल पडद्यावर आणि दिव्यावर वाचवावेत. दोन सिलिंडरचे यंत्र महाग आणि जड पडते, पण चार-पाच गाड्यांच्या टोळीला असे एक पुरते.

विजेची जोडणीही पाहावी. सिगारेट लायटरच्या सॉकेटला बहुतेक गाड्यांत १० ते २० अँपिअरचा फ्यूज असतो. त्यावर चालणारे यंत्र छोटेच असणार. मोठी यंत्रे ३० अँपिअर आणि वर खेचतात, ती थेट बॅटरीला चिमटे लावून चालवायची. लाल चिमटा धनावर, काळा ऋणावर किंवा इंजिनाच्या रंग नसलेल्या लोखंडावर. इंजिन चालू ठेवायचे, बोनेट उघडे. बंद गॅरेजमध्ये मात्र इंजिन चालू ठेवून हवा भरू नये. स्वतःची लिथियम बॅटरी असलेली हातात मावणारी यंत्रे दुचाकीला आणि दोन-चार पौंड वर करायला उत्तम. चार मोठे टायर ओळीने भरताना बहुतेकांची बॅटरी तिसऱ्या चाकापाशी दमते.

भरताना क्रम साधा आहे. टोपण काढल्यावर व्हॉल्व्हच्या तोंडात बसलेली माती आधी काढावी: नखाने पिन क्षणभर दाबली की हवेच्या फुसकाऱ्याबरोबर ती उडते. न काढल्यास तीच माती पिनखाली अडकते आणि रात्रभर हवा गळत राहते. नळीचे तोंड आट्याचे असेल तर काढताना थोडी हवा जाते, म्हणून एखादा पौंड जास्त भरावा. यंत्रावरचा मापक आणि हातातला मापक यांत दोन-तीन पौंडांचा फरक निघणे नवे नाही. चांगला सुटा मापक एकच ठेवून त्याच्यावरच विश्वास टाकावा.

मापकाचा आकडा हवामानाप्रमाणेही हलतो. टायर दहा अंशांनी तापला की दाब सुमारे दीड पौंडाने चढतो. हिवाळ्यातल्या पहाटे घरी ३२ भरलेला टायर दुपारी महामार्गावर ३६ दाखवेल. ती हवा सोडायची नसते, कारण कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो. उंचीचाही थोडा परिणाम होतो. शहाद्याहून तोरणमाळला चढताना गाडी जवळजवळ हजार मीटर वर जाते, बाहेरच्या हवेचा दाब घटतो आणि टायरमध्ये काहीही न भरता मापक सुमारे दीड पौंड जास्त दाखवतो. वरची गार हवा त्यातला काही भाग परत घेते. म्हणून तिथे पोचल्या पोचल्या मापक लावून हवा कमी-जास्त करण्यात अर्थ नाही.

यावल, अनेर आणि गौताळा ही अभयारण्ये आहेत. तिथे रस्ता सोडून गाडी घालणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. राखीव जंगलातही वनखात्याला विचारूनच जावे.

यंत्राची निगा म्हणजे मुख्यतः धुळीशी झगडा. हवा आत घेण्याच्या तोंडाशी स्पंजाची किंवा कागदाची छोटी गाळणी असते. ती उन्हाळ्यात दोन-तीन वापरांतच भरते, आणि भरली की यंत्र जास्त तापते व वेळ जास्त घेते. स्पंजाची धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवता येते. कागदाची बदलावी लागते. चालवताना यंत्र थेट मातीत न ठेवता स्टेपनीवर किंवा डिकीतल्या रबरी चटईवर ठेवावे. काम झाल्यावर ते निवल्याशिवाय पिशवीत कोंबू नये, नाहीतर नळी जोडापाशी मऊ पडते आणि पुढच्या वेळी तिथूनच फाटते.