लम्पी चित्त्यांनी आणला नाही
नामिबियातल्या चित्त्यांबरोबर लम्पी हा जनावरांच्या अंगावर गाठी आणणारा आजार आला, असं अजूनही गावोगाव ऐकू येतं. तारखाच पाहा. चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात उतरले १७ सप्टेंबर २०२२ला. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात जनावरांच्या अंगावर गाठी उठल्या त्या ऑगस्टमध्येच, आणि गुजरातेत त्याहीआधी. देशातली पहिली नोंद तर ओडिशातली, २०१९ची!

लम्पीचा विषाणू गाई-म्हशींचा. डास, चावणाऱ्या माश्या आणि गोचीड तो पसरवतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२२च्या साथीतल्या विषाणूंची जनुकं वाचली, तेव्हा दोन प्रकार सापडले: एक २०१९च्या भारतीय विषाणूशी जुळणारा, दुसरा, बराच बदललेला, रशियातल्या २०१५च्या साथीशी.

चित्त्यांकडे बोट दाखवताना गोठ्यातल्या माश्या मात्र तशाच राहिल्या, याचं फार वाईट वाटतं.