पूर ओसरल्यानंतरची चित्रे: आपत्तीनंतरच्या कलाप्रदर्शनांची पार्श्वभूमी

विदर्भात पूर येऊन गेला की त्याची नोंद पंचनाम्यात होते. किती घरे पूर्ण पडली, किती अंशतः, किती जनावरे दगावली, किती हेक्टर जमीन खरडून गेली, हे रकाने भरले जातात, सानुग्रह मदत जाहीर होते आणि पुढच्या हंगामाच्या धावपळीत विषय मागे पडतो. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातील मोवाड उद्ध्वस्त केले आणि 204 माणसे गेली. 2020 च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून सोडलेले पाणी आले, वैनगंगेवरील गोसेखुर्द धरणाची 33 दारे उघडावी लागली आणि वैनगंगा भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावागावांत शिरली. जुलै 2022 मध्ये गोदावरीने सिरोंचा तालुक्यात तेच केले. लग्नातला एकुलता एक फोटो, देवघरातले टाक, पुढच्या वर्षासाठी राखलेले बियाणे यांना मात्र कोणत्याही पंचनाम्यात रकाना नसतो. अशा नुकसानीला जागा देणारी आणि त्यातूनच उभारीची भाषा शोधणारी प्रदर्शने आज जगभर भरतात. त्यांच्यामागे बराच मोठा इतिहास आहे आणि ग्रामीण विदर्भाला तो वाटतो तितका परका नाही.

भारतात या वाटेची सुरुवात आशेने नव्हे, साक्षीने झाली. ऑक्टोबर 1942 मध्ये मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळले आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्या दुष्काळाला निसर्गापेक्षा राज्यकर्त्यांची धोरणे अधिक जबाबदार होती. चित्रकार चित्तप्रसाद मेदिनीपूरच्या गावांतून फिरले आणि त्यांनी भुकेली माणसे काळ्या शाईत रेखाटली. त्या रेखाटनांच्या पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळल्या. चित्र सरकारला इतके झोंबू शकते, ही गोष्ट तेव्हाच सिद्ध झाली होती.

आपत्तीला उत्तर म्हणून समकालीन कलावंतांना मुद्दाम एकत्र आणण्याचा मोठा प्रयत्न इटलीत झाला. 23 नोव्हेंबर 1980 रोजी दक्षिण इटलीत भूकंप होऊन सुमारे तीन हजार माणसे मरण पावली, तेव्हा नेपल्समधील कलादालनचालक लुचो अमेलिओ यांनी देशोदेशीच्या कलावंतांना या घटनेवर काम करण्याचे आवाहन केले. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी नेपल्सच्या एका दैनिकाचे भूकंपानंतरचे पहिले पान तीन मोठ्या फलकांवर उतरवले. त्यावरचा ठळक मथळा एवढाच होता: ‘त्वरा करा’. हा संग्रह आज कासेर्ताच्या राजवाड्यात आहे. त्याचे मोल मोठे आहे. तरीही त्यातले बहुतेक हात बाहेरचे होते आणि ज्यांची घरे पडली ते प्रेक्षकच राहिले, हे नोंदवले पाहिजे.

मोवाडच्या संदर्भात सिसिलीतील जिबेलिना या गावाची कथा अधिक जवळची वाटते. जानेवारी 1968 च्या भूकंपात हे गाव जमीनदोस्त झाले आणि लोकांना बऱ्याच अंतरावर नव्या गावात हलवण्यात आले. पुढे इटालियन कलावंत अल्बेर्तो बुर्री यांनी जुन्या गावाचे ढिगारे पांढऱ्या सिमेंटखाली झाकले, पण जुन्या गल्ल्यांच्या रेषा मोकळ्या ठेवल्या. त्या फटींतून माणूस आजही चालू शकतो. 1980 च्या दशकात सुरू झालेले हे काम रखडत रखडत 2015 मध्ये पूर्ण झाले. पुनर्वसनात घर मिळते, पण कोणाची ओसरी कोणाच्या समोर होती ही रचना मिळत नाही, हे आपल्याकडच्या कोणत्याही पुनर्वसित गावठाणात ऐकायला मिळते. बुर्रींनी नेमकी ती रचना जपली.

खरा बदल घडला तो जपानच्या निइगाता प्रांतात, म्हणजे धान पिकवणाऱ्या, तरुण शहरात निघून गेलेल्या डोंगराळ गावांत. तिथे कलासंयोजक फ्राम कितागावा यांच्या पुढाकाराने 2000 पासून शेताशेतांत पसरलेला एचिगो-त्सुमारी कलामहोत्सव भरतो. 23 ऑक्टोबर 2004 रोजी याच भागात भूकंप झाला आणि आधीच ओस पडत चाललेल्या गावांत आणखी घरे रिकामी झाली. 2006 च्या महोत्सवात कलावंतांनी ही घरेच कामासाठी घेतली. एका घरात जुनइची कुराकाके यांनी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन खांब, तुळया, भिंती, जमीन असा आतला सगळा पृष्ठभाग छिन्नीने कोरून काढला. धुराने काळवंडलेल्या लाकडातून ताजे लाकूड उघडे पडले. पाडण्याजोगे घर बघण्याजोगे झाले. पडीक घराकडे गावाचा भार म्हणून पाहण्याची नजर इथे बदलली, आणि माझ्या मते आपत्तीनंतरच्या कलेने दिलेली ही सर्वांत उपयोगी शिकवण आहे.

भारतात हाच विचार 2018 च्या केरळ महापुरानंतर पुढे आला. त्या डिसेंबरमध्ये अनिता दुबे यांच्या संयोजनाखाली कोची बिएनाले हे दर दोन वर्षांनी भरणारे आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन भरले, तेव्हा बांगलादेशच्या मारझिया फरहाना यांनी पुरात निकामी झालेले फ्रिज, फर्निचर, पुस्तके असे घरगुती सामान दालनात अधांतरी टांगले. त्याच पुरात एर्नाकुलम जिल्ह्यातील चेंदमंगलमच्या विणकरांचा ओणमसाठी तयार ठेवलेला माल चिखलात गेला होता. तो जाळून टाकण्याऐवजी लक्ष्मी मेनन आणि गोपीनाथ पारयिल यांनी त्या कापडाच्या लहान बाहुल्या करण्याची कल्पना मांडली. कापड धुऊन निर्जंतुक केले गेले, पण त्यावरचे डाग लपवले नाहीत. सुमारे 1300 रुपयांच्या एका साडीतून 360 बाहुल्या निघत आणि 25 रुपयांना एक या दराने त्यांचे 9000 रुपये होत. पैसा विणकरांकडे गेला आणि माग पुन्हा सुरू होण्यास हातभार लागला. आशेला असा हिशेब जोडलेला असला की ती टिकते.

आपल्याकडे या विचाराची मुळे याहून जुनी आहेत. डिसेंबर 1936 मध्ये खानदेशातील फैजपूरला खेड्यात भरलेल्या पहिल्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू, गवत, टोपल्या अशा स्थानिक साहित्यातून केली. गांधीजी तेव्हा सेवाग्रामला राहायला आलेले होते. दोन वर्षांनी, 30 डिसेंबर 1938 रोजी, त्यांच्याच हस्ते वर्ध्यात खादी-ग्रामोद्योगांचे मगन संग्रहालय सुरू झाले. खेड्यातली वस्तू खेड्यातल्याच माणसासमोर मांडावी, ही शिस्त विदर्भाच्या मातीत तेव्हाच रुजली होती.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, तर अशा प्रदर्शनासाठी मैदान आणि प्रेक्षक दोन्ही तयार आहेत. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावोगावच्या जत्रा भरतात, दंडार हे लोकनाट्य होते, धान निघाल्यावर रात्ररात्र नाटके चालतात आणि पंचक्रोशीतील माणसे बैलबंड्या, ट्रॅक्टर, दुचाक्यांवरून येतात. पूर येतो जुलै ते सप्टेंबरात. म्हणजे पंचनामे आटोपून घरात थोडी उसंत मिळते, नेमका तेव्हाच हा हंगाम सुरू होतो. चंद्रपूर-गडचिरोलीतील बुरड कारागीर, भद्रावतीचे मातीकाम करणारे हात आणि नागपूरच्या चित्रकला महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेली खेड्यांतली मुले यांना मंडईच्या मैदानातच एक मांडव मिळाला, तर वैनगंगाकाठच्या प्रदर्शनाला शहरातल्या दालनाची वाट पाहावी लागणार नाही. मात्र त्या मांडवात घरातली कोणती वस्तू ठेवायची आणि कोणती ठेवायची नाही, हे ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांनीच ठरवावे. निवड करणाऱ्या समितीत त्यांची नावे पहिल्या बैठकीपासून असावीत.