पुण्याच्या डोक्यावरून प्लाझ्मा किती वेगानं सरकतो?

पुण्यावर अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवर हवा जवळपास नाहीच. जी आहे तिच्यातले काही अणू सूर्याच्या अतिनील किरणांनी फोडलेले असतात. सुटे इलेक्ट्रॉन आणि उरलेले विद्युतभारित अणू, म्हणजे आयन, यांचा हा विरळ प्लाझ्मा म्हणजे आपलं आयनांबर. तो सतत सरकत असतो. पण दिसत नाही, आणि तिथवर फुगाही पोचत नाही. मग त्याचा वेग मोजायचा कसा?

२१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी केरळातल्या थुंब्याहून उडालेल्या पहिल्या रॉकेटनं वर सोडियमची वाफ सोडली. जमिनीवर अंधार, वर मात्र ऊन. त्यामुळे नारिंगी ढग लखलखला आणि तो कसा वाहतो हे बघता आलं. पण सोडियमनं सांगितला तो वारा. प्लाझ्मा वाऱ्यामागे निमूट जात नाही, त्याला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बांधून ठेवतं. त्यासाठी पुढे बेरियम वापरलं गेलं. उन्हात त्याचे बरेच अणू अर्ध्या मिनिटाभरात आयन होतात आणि एका ढगाचे दोन होतात: एक वाऱ्याबरोबर जातो, दुसरा जांभळट ढग चुंबकीय रेषांवर लांबत प्लाझ्माबरोबर सरकतो. इतकी सुंदर मोजणी विज्ञानात क्वचितच सापडते.

रोज रॉकेट उडवणं परवडत नाही, म्हणून रडार. पेरूमध्ये हिकामार्का इथं ५० मेगाहर्ट्झच्या लहरी वर पाठवतात आणि इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेला अतिक्षीण प्रतिध्वनी टिपतात. दिवसा प्लाझ्मा सेकंदाला साधारण ३० मीटरनं वर चढत असेल, तर परतलेल्या लहरीची वारंवारता फक्त १० हर्ट्झनं बदलते. पाच कोटींत दहा! त्यात आयनांची स्वतःची उष्णतेची धावपळ सेकंदाला किलोमीटरभराची, त्यामुळे प्रतिध्वनी शेकडो हर्ट्झपर्यंत पसरतो आणि ते दहा त्यात बुडून जातात. हिकामार्का मात्र चुंबकीय विषुववृत्तावर आहे. तिथं चुंबकीय रेषा आडव्या असतात. रडारचा झोत त्यांना काटकोनात ठेवला की रेषांना जखडलेल्या कणांची ही धावपळ झोताच्या दिशेनं जवळपास दिसतच नाही, पसारा आक्रसतो आणि सरकणं स्वच्छ वाचता येतं.

आपल्याकडे, कोल्हापूरला, संपूर्ण आकाश टिपणारा कॅमेरा ६३० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश बघतो. हा प्रकाश त्या उंचीवरच्या ऑक्सिजनचा, डोळ्यांना न दिसण्याइतका मंद. विषुववृत्तापाशी रात्री प्लाझ्मात पोकळ्या उठतात, चुंबकीय रेषांवरून उत्तरेला आपल्यापर्यंत पसरतात आणि प्रतिमेत काळे पट्टे म्हणून उमटतात. लागोपाठच्या दोन प्रतिमांत पट्टा किती सरकला ते मोजलं की वेग मिळतो. सेकंदाला १०० मीटर म्हणजे दहा मिनिटांत ६० किलोमीटर. पुणे-लोणावळा एवढं अंतर, तेही पूर्वेकडे. याच पोकळ्यांच्या कडांवर जीपीएसचे संकेत थरथरतात, विशेषतः सूर्य सक्रिय असताना मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रात्री.

पुण्याची स्वतःची मापपट्टी नारायणगावजवळ खोडदला उभी आहे, असं मी म्हणेन. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत दूरच्या आकाशगंगा ऐकण्यासाठी. पण त्या लहरी आयनांबरातूनच येतात आणि वाटेत जितके इलेक्ट्रॉन भेटतील तितकी त्यांची कला, म्हणजे लहरीच्या चढउताराची वेळ, बदलते. कमी वारंवारतेला जास्तच. सगळ्यात लांबच्या अँटेनांत २५ किलोमीटरच्या आसपास अंतर असल्यानं, वरून जाणारी प्लाझ्माची लाट आधी एका टोकाला जाणवते, मग दुसऱ्या. त्या फरकातून तिची दिशा आणि वेग काढता येतो. अर्थात हा लाटेचा वेग, प्लाझ्मा स्वतः तितका वाहत गेला असं नाही. ही गल्लत फार सहज होते.

खगोलशास्त्रज्ञाला हा सगळा उपद्रवच. त्याला आकाशगंगेची प्रतिमा स्वच्छ हवी असते, म्हणून कलेतला बदल मोजून वजा केला जातो. काही संशोधकांनी याच वजाबाकीतून आयनांबराचा अभ्यास केला आहे, आणि तो वाढायला हवा. विमानांना वाट दाखवणारी आपली गगन प्रणाली जीपीएसमध्ये आयनांबरामुळे येणाऱ्या चुकांच्या दुरुस्तीवरच चालते आणि आपण राहतो ते नेमके या पोकळ्यांच्या पट्ट्यात. खोडदला तर प्रत्येक निरीक्षणाबरोबर ही नोंद आपसूक होतच असते.