सॉफ्टबॉलच्या बुटांखालचे पोलाद

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत वसंत ऋतू लागला की शाळांचा सॉफ्टबॉल, म्हणजे बेसबॉलचा धाकटा भाऊ असलेला चेंडू-फळीचा खेळ, सुरू होतो, आणि नववीत गेलेली मुलगी घरी येऊन सांगते, आता मला मेटलचे बूट हवेत. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या, मुलीला सॉफ्टबॉल खेळवणाऱ्या मराठी आईबाबांनाही हा संवाद ओळखीचा आहे. मुलीच्या दृष्टीने ते मोठे झाल्याचे लक्षण असते. आईच्या डोळ्यांसमोर मात्र दुसऱ्या कुणाची तरी फाटलेली पिंढरी येते. दोघींचेही बरोबर असू शकते. पण शाळकरी मुलींना धातूच्या दात्यांचे बूट घालू द्यावेत का, हा प्रश्न आला कुठून आणि इतकी वर्षे का चिघळत राहिला, हे समजायला बरेच मागे जावे लागते.

आधी वस्तू नीट पाहू. क्रिकेटच्या बुटांना खाली गोल, टोकदार स्पाइक्स असतात. सॉफ्टबॉलच्या बुटांचे दाते, म्हणजे क्लीट्स, वेगळे: पातळ पोलादी पट्ट्या, छोट्या पटाशीच्या पात्यासारख्या. अमेरिकन सॉफ्टबॉलच्या नियमांत त्यांची लांबी पाऊण इंचाच्या, म्हणजे साधारण 19 मिलिमीटरच्या पुढे चालत नाही आणि गोल, टोकदार स्पाइक्स चालत नाहीत. याच आकाराचे दाते कडक प्लास्टिकमध्ये, बुटाच्या तळव्याबरोबर एकसंध ओतूनही मिळतात. त्यांना मोल्डेड म्हणतात. धातूचे पाते सुकलेल्या, घट्ट बसलेल्या लाल मातीत सहज घुसते आणि ओल्या मातीचा गोळा त्याला कमी चिकटतो. प्लास्टिकचे जाड दाते चिखलाने भरले की मुलगी गुळगुळीत तळव्यावर धावल्यासारखी घसरते. धातूची मागणी होते ती या व्यावहारिक कारणाने.

गंमत अशी की हा खेळ जन्मला तेव्हा पायाखाली मातीच नव्हती. 1887 साली थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये काही तरुण येल आणि हार्वर्ड यांच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत होते. निकाल कळल्यावर कुणीतरी बॉक्सिंगचा हातमोजा फेकला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला, आणि जॉर्ज हॅनकॉक यांनी तिथल्या तिथे मोज्याचा चेंडू बांधून खेळ मांडला. पुढे कित्येक वर्षे त्याला ‘इनडोअर बेसबॉल’ म्हणत. लाकडी फरशीवर खिळ्यांचे बूट घालून खेळण्याचा प्रश्नच नव्हता. 1895 च्या सुमारास मिनिआपोलिसमधल्या लुईस रोबर या अग्निशमन अधिकाऱ्याने आपल्या माणसांसाठी असाच खेळ बाहेर, मोकळ्या जागेत आणला. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव मिळायला 1926 उजाडले आणि देशभराचे नियम एकत्र करणारी अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन 1933 मध्ये, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातल्या स्पर्धेच्या पाठोपाठ उभी राहिली. तोवर हा खेळ गिरण्या, चर्च आणि उद्यानांमधल्या हौशी माणसांचा झाला होता. संध्याकाळी कामावरून सुटून येणारी माणसे, जमतील ते बूट.

पोलादाची भीती मात्र थोरल्या भावाकडून, बेसबॉलकडून आली. तिथे धातूचे स्पाइक्स एकोणिसाव्या शतकापासून होते आणि त्यांच्याबरोबर एक काळी दंतकथाही. 24 ऑगस्ट 1909 रोजी डेट्रॉइटमध्ये तिथल्याच संघाचा टाय कॉब तिसऱ्या बेसकडे, म्हणजे धावपटूला गाठायच्या ठिकाणाकडे, घसरत आला आणि त्याच्या बुटाने फिलाडेल्फियाचा क्षेत्ररक्षक फ्रँक बेकर याचा हात कापला. फिलाडेल्फियात संताप उसळला. कॉब स्पाइक्सना कानस लावून धार काढतो, ही गोष्ट त्याला आयुष्यभर चिकटली. तो ती नाकारत राहिला. त्या क्षणाचे विल्यम क्युन्झेल यांनी टिपलेले छायाचित्र मात्र उपलब्ध आहे आणि त्यात बेकर बेस ओलांडून, पुढे वाकून धावपटूच्या वाटेत हात घालताना दिसतो. मला हे छायाचित्र या सगळ्या वादाची गुरुकिल्ली वाटते. जखम पात्याने झाली, यात शंका नाही. पण ती का झाली, याचे उत्तर दोन माणसे त्या क्षणी कुठे होती आणि बेस कोणाच्या ताब्यात होता यात आहे.

मुलींना पोलाद झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांना 1943 आठवून द्यावे लागते. दुसऱ्या महायुद्धात पुरुष खेळाडू सैन्यात जाऊ लागल्यावर च्युइंग गमचे कारखानदार फिलिप रिग्ली यांनी ऑल-अमेरिकन गर्ल्स प्रोफेशनल बेसबॉल लीग काढली. ती 1954 पर्यंत चालली. पहिल्या वर्षी खेळ जवळजवळ सॉफ्टबॉलच होता: बारा इंच घेराचा चेंडू, खालच्या हाताने फेक. या मुली धातूच्या खिळ्यांचे बूट घालून खेळत, आणि वर आखूड स्कर्ट. घसरताना उघड्या मांडीची सालटी निघत. त्या लालभडक खरचटण्याला त्या ‘स्ट्रॉबेरी’ म्हणत. म्हणजे त्यांना रोज रक्तबंबाळ करणारी गोष्ट बुटाखाली नव्हती. ती मालकांनी ठरवलेल्या गणवेशात होती. त्याबद्दल मात्र फारसे कोणी सुरक्षिततेचा मुद्दा काढला नाही.

युद्धानंतर सॉफ्टबॉलचा स्लो-पिच हा प्रकार, ज्यात चेंडू उंच कमान करून हळू येतो, अमेरिकाभर पसरला. सहकाऱ्यांबरोबर, शेजाऱ्यांबरोबर खेळायचा निवांत खेळ. त्यात अनेक ठिकाणी धातूवर बंदी असणे स्वाभाविक होते आणि शालेय स्लो-पिचमध्ये ती कायम राहिली. 23 जून 1972 रोजी टायटल नाइन कायद्यावर सही झाली आणि सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेद करणे बेकायदा ठरले. 1971–72 मध्ये अमेरिकन हायस्कूलांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांहूनही कमी होत्या. आज त्या तीस लाखांच्या वर आहेत. शाळांना घाईने मुलींचे संघ उभे करावे लागले आणि अनेक राज्यांनी, विशेषतः दक्षिणेत, सुरुवात स्लो-पिचपासूनच केली. फास्ट-पिच, म्हणजे पूर्ण वेगाने येणारा चेंडू, चोरून घेतलेले बेस, जोरदार स्लाइड (बेसकडे घसरत जाणे), तिथे नंतर आला. मुलींचा खेळ बदलला, पण त्यांच्या बुटांविषयीचे धोरण जुन्या निवांत खेळाचेच राहिले. त्याच शाळेतला मुलगा शेजारच्या बेसबॉलच्या मैदानावर धातूचे बूट घालून घसरत होता. मुलीची वरच्या वर्गातली मैत्रीण कॉलेजात गेली की तिलाही ते चालत होते. कॉलेजांच्या खेळांची संघटना असलेल्या एनसीएएची महिलांची पहिली राष्ट्रीय सॉफ्टबॉल स्पर्धा 1982 मध्ये झाली आणि कॉलेजच्या खेळात पोलाद रुळले. अडवली गेली ती फक्त मधली, चौदा ते अठरा वर्षांची मुलगी.

हायस्कूल खेळांचे नियम लिहिते ती इंडियानापोलिसची एनएफएचएस ही संस्था. तिने 2006 च्या सुमारास सॉफ्टबॉलमध्ये फलंदाजाच्या हेल्मेटला तोंडावरची जाळी सक्तीची केली आणि त्यानंतर अवघ्या काही वर्षांत, 2009 च्या सुमारास, फास्ट-पिचमध्ये धातूचे क्लीट्स खुले केले. वरवर हे परस्परविरोधी वाटते. मला ते तसे वाटत नाही. तोंडावर चेंडू बसण्याचा धोका जाळीने सरळ कमी होतो. बुटाच्या बाबतीत मात्र प्लास्टिकचे दाते असले म्हणजे मुलगी सुरक्षित, असे ठामपणे दाखवता येत नव्हते. नियम लिहिणारी संस्था एक असली तरी प्रत्येक राज्याची संघटना आणि प्रत्येक लीग तो आणखी कडक करू शकते, त्यामुळे पालकांचा गोंधळ संपला नाही. बारा वर्षे आणि त्याखालच्या गटांत यूएसए सॉफ्टबॉल या राष्ट्रीय संघटनेने धातूला आजही परवानगी दिलेली नाही, आणि ते मला योग्य वाटते. त्या वयात स्लाइड अजून पायात बसलेली नसते.

मग इजा होते कशाने? यावरचे सगळ्यात बोलके काम मिशिगनमधल्या ॲन आर्बरचे अस्थिरोगतज्ज्ञ डेव्हिड जांडा यांचे. हौशी सॉफ्टबॉलमधल्या जखमा मोजताना त्यांच्या लक्षात आले की त्यांतल्या सुमारे 71 टक्के बेसकडे घसरताना झाल्या आहेत. नेहमीचा बेस जमिनीत गाडलेल्या खुंट्याला घट्ट बसवलेला असतो. पूर्ण वेगाने आलेला पाय त्यावर आदळला की बेस हलत नाही, म्हणून घोटा हलतो. जांडा यांनी काही मैदानांवर धक्क्याने सुटून येणारे, ‘ब्रेकअवे’ बेस बसवले. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: जुन्या बेसवर 627 सामन्यांत घसरण्याच्या 45 जखमा, सुटणाऱ्या बेसवर 633 सामन्यांत फक्त 2. हे खेळाडू प्रौढ आणि हौशी होते, शाळकरी मुली नव्हत्या, हे लक्षात ठेवायला हवे. तरीही एवढा फरक दाखवणारे दुसरे काही या विषयात मला माहीत नाही, आणि बुटांवर तावातावाने बोलणाऱ्या पालकांच्या बैठकीत बेसचा उल्लेखही होऊ नये याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरा धोका जखमेसारखा दिसत नाही. तो गुडघ्यात असतो. आपली कबड्डी मातीवरून मॅटवर आली, अनवाणी पायांत बूट आले, तेव्हा पकड वाढली की काय होते हे खेळणाऱ्यांनी अनुभवले आहे: पाऊल जागीच रुतते आणि शरीर वळते. फिलाडेल्फियाच्या शाळांत जोसेफ टॉर्ग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्यांच्या बुटांचे लांब, मोजके दाते काढून आखूड, संख्येने जास्त दाते दिले आणि गुडघ्याच्या इजा घटल्याचे 1971 मध्ये मांडले. 1996 मध्ये 3,119 हायस्कूल फुटबॉलपटूंची तीन वर्षे नोंद ठेवणारा अभ्यास आला. तळव्याच्या कडेने लांब दाते असलेल्या बुटांत गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचे प्रमाण जास्त दिसले. मुलग्यांपेक्षा मुलींचा एसीएल अधिक वेळा फाटतो, हे तर आता सर्वमान्य आहे. यातून दिसते ते असे की दात्याची लांबी आणि मांडणी यांना मोठे महत्त्व आहे. लांब प्लास्टिकही पाऊल रुतवते.

म्हणून धातू निर्दोष आहे असे नाही. पात्याने कातडी कापते, प्लास्टिकने बहुधा खरचटते, आणि जिच्या मुलीला टाके पडले त्या आईला दुसरा कोणताही युक्तिवाद ऐकवता येत नाही. फास्ट-पिच सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधले अंतर फक्त 60 फूट, बेसबॉलच्या दोन-तृतीयांश. चेंडू, धावपटू आणि बेसवरची मुलगी एकाच क्षणी एकाच जागी येतात. म्हणूनच चेंडू हातात नसताना वाट अडवू नये, हा नियम इथे बुटांच्या नियमाइतकाच महत्त्वाचा आहे. आणि घसरताना उचललेला पाय उभ्या क्षेत्ररक्षकाच्या गुडघ्याच्या वर जाऊ नये, हाही. तिसऱ्या बेसवर धावपटूच्या रेषेत पाय टाकून उभे राहायला शिकवले जाते तिथे बूट कोणतेही असोत, कुणीतरी जखमी होणारच.

अलीकडे कृत्रिम गवताची मैदाने वाढली आणि तिथे धातूला बहुतेक ठिकाणी मज्जाव असतो, कारण पाती गवत फाडतात. त्यामुळे बऱ्याच मुलींच्या बॅगेत आता दोन जोड असतात. आणि चांगले प्रशिक्षक स्लाइड शिकवतात तेव्हा दोन्ही जोड बाजूला ठेवायला लावतात: ओल्या ताडपत्रीवर किंवा मोठ्या पुठ्ठ्यावर, फक्त मोजे घालून, एक पाय दुमडून दुसरा पुढे, टाच किंचित वर, पुन्हा आणि पुन्हा, पाऊल जमिनीत अडकायचे थांबेपर्यंत.