निकाल आवडला नाही म्हणून न्यायाधीश काढता येतो का?

अमेरिकेत एखाद्या फेडरल, म्हणजे केंद्रीय न्यायालयाच्या, न्यायाधीशाने अध्यक्षांचा आदेश रोखला की ‘याच्यावर महाभियोग चालवा’ ही मागणी ठरलेली. ती दोनशे वर्षांहून जुनी आहे.

इंग्लंडमध्ये १७०१ च्या कायद्याने न्यायाधीश राजाच्या मर्जीतून सुटले, पण अमेरिकेतल्या वसाहतींना तो लाभ मिळाला नाही. न्यायाधीशांचं पद आणि पगार राजाने आपल्या मुठीत ठेवला, ही तक्रार १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातच आहे. म्हणून १७८७ मध्ये राज्यघटना लिहिताना वर्तन चांगलं असेपर्यंत पद राहील आणि पगार कापता येणार नाही, हे पक्कं केलं गेलं. नेमणुकीवर मात्र बराच खल झाला. मसुद्यात तो अधिकार एकट्या सिनेटकडे, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाकडे होता. शेवटी नाव अध्यक्षांनी सुचवायचं आणि संमती सिनेटने द्यायची, अशी तोड निघाली. या पद्धतीत राजकीय दबावाला वाव राहतो, हे डॉ. आंबेडकरांनी १९४९ मध्ये आपल्या संविधान सभेत सांगितलं होतं.

काढायची वाट एकच. प्रतिनिधिगृहाने (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने) आरोप ठेवायचे आणि सिनेटने दोन-तृतीयांश मतांनी दोषी ठरवायचं. १८०४ मध्ये न्यू हॅम्पशायरचे न्यायाधीश जॉन पिकरिंग यांचं पद असं गेलं. ते दारूच्या आहारी गेले होते आणि मनाचा तोलही ढळला होता. वडील भानावर नाहीत, असा अर्ज त्यांच्या मुलानेच सिनेटला दिला. आजारी माणसाला गुन्हेगार ठरवणं आजही बोचतं, पण घटनेत दुसरी सोयच नव्हती.

खरी कसोटी लागली ती सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सॅम्युअल चेस यांच्या खटल्यात. हा तापट माणूस फेडरलिस्ट पक्षाचा, म्हणजे तेव्हाचे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या विरोधी पक्षाचा. बाल्टिमोरमध्ये ग्रँड ज्युरीसमोर (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर) बोलताना त्यांनी जेफरसन यांच्या पक्षावर उघड तोंडसुख घेतलं. महाभियोग आला. १८०५ च्या फेब्रुवारीत सिनेटच्या दालनात लाल कापडाने मढवलेली बाकं मांडली गेली, बायकांसाठी खास सज्जा उभारला. अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष एरन बर होते. त्यांनीच आदल्या जुलैमध्ये द्वंद्वयुद्धात फेडरलिस्ट नेते अलेक्झांडर हॅमिल्टन यांना मारलं होतं. चौतीसपैकी पंचवीस सिनेटर जेफरसनच्या पक्षाचे, आणि गरज तेवीस मतांची. तरी १ मार्चला कोणत्याच आरोपावर एकोणीसच्या वर मतं पडली नाहीत. चेस यांचं बोलणं अशोभनीय होतं, यात मला शंका नाही. पण पद काढून घेण्याइतका तो गुन्हा नाही, असं त्यांच्या विरोधी पक्षातल्याच काहींनी ठरवलं. माझ्या मते अमेरिकेची न्यायव्यवस्था उभी आहे ती या सिनेटरांच्या बळावर.

त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या एकाही न्यायाधीशावर महाभियोगाचा खटला चालला नाही. २०१० पर्यंत एकूण आठ फेडरल न्यायाधीश दोषी ठरून पदावरून गेले, सगळे खालच्या न्यायालयांतले. या संरक्षणाची किंमतही मोजावी लागते. कर बुडवल्याबद्दल शिक्षा झालेले नेवाडाचे हॅरी क्लेबर्न तुरुंगात बसूनही न्यायाधीशाचा पगार घेत होते. राजीनामा देईनात, तेव्हा १९८६ मध्ये सिनेटला त्यांच्यावर खटला चालवावा लागला.