पायोमेट्रा (कुत्रीच्या गर्भपिशवीत पू होणं)

पायोमेट्रा म्हणजे स्पे (मादीची नसबंदी) न केलेल्या कुत्रीच्या गर्भपिशवीत पू साठणं. तरुण माद्यांनाही होतो, पण जास्त करून 7-8 वर्षांच्या पुढे. स्वीडनमध्ये सरसकट नसबंदी करायची पद्धत नव्हती, तिथल्या विम्याच्या नोंदींवरून कळलं की वयाच्या 10 वर्षांपर्यंत साधारण दर 4 माद्यांमागे एकीला हा आजार होतो, म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही.

कुत्रीची पाळी बाईसारखी कायमची जात नाही, म्हातारपणीही ती हीटवर (माजावर) येतच राहते. आणि दर हीटनंतर, गाभण असो वा नसो, दोनेक महिने प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन वाढलेलं असतं, त्याने पिशवीचं अस्तर जाड होतं, पिशवी आकुंचन पावत नाही आणि आत शिरलेल्या ई. कोलाय बॅक्टेरियाचं फावतं. हीट थांबवायची किंवा नको असलेलं मेटिंग निस्तरायची हॉर्मोनची इंजेक्शनं हा धोका अजून वाढवतात, ती डॉक्टरकडे मागूच नका.

हीट संपून महिना-दीड महिना झाला की कुत्री पाण्याचं भांडं सारखं रिकामं करायला लागते, रात्री सू करायला उठवते, जेवण टाकते, शेपटीखाली चाटत बसते. ही तहान बॅक्टेरियाच्या विषामुळे लागते, किडनीला लघवी घट्ट करता येत नाही म्हणून, आणि घरचे म्हणतात वय झालं, उकाडा आहे. पिशवीचं तोंड उघडं असेल तर वास मारणारा पू बाहेर दिसतो. बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, नुसतं पोट फुगतं, आणि हाच प्रकार जास्त घातक, कारण पिशवी फुटू शकते, विष रक्तात पसरतं. सोनोग्राफी आणि ब्लड टेस्ट त्याच दिवशी करा, सोमवारची वाट बघू नका.

खरा इलाज ऑपरेशनच. आधी सलाइन आणि अँटिबायोटिक देऊन कुत्रीला सावरतात, मग अंडाशयांसकट पूर्ण पिशवी काढतात. "म्हातारी आहे, भूल सोसणार नाही" ही भीती समजू शकते, पण वेळेत नेलेल्या बहुतेक कुत्र्या यातून वाचतात, म्हाताऱ्याही. ऑपरेशनऐवजी अ‍ॅग्लेप्रिस्टोन, प्रोस्टाग्लँडिन अशी औषधंही आहेत, ती शक्यतो पुढे पिल्लं हवी असलेल्या तरुण मादीसाठी, आणि पुढच्या हीटनंतर आजार परत उलटू शकतो.

त्याच भेटीत स्तनांच्या दोन्ही ओळी बोटांनी चाचपून घ्या. स्पे न केलेल्या वयस्कर माद्यांमध्ये तिथे गाठी पुष्कळ होतात, त्यातल्या जवळजवळ निम्म्या कॅन्सरच्या निघतात, म्हणून गाठ लागली तर छातीचा एक्स-रेही काढतात.